प्रोपिडियम आयोडाइडने डीएनए मोजणं: ट्यूमर पेशींसाठी स्टेनिंग कसं बसवायचं

फ्लो सायटोमेट्री, म्हणजे पेशी एकेक करून लेझरसमोरून सोडत त्यांची चमक मोजणं, शिकणारे बहुतेक जण अँटिबॉडीपासून सुरुवात करतात. तिथे 'सिग्नल आला का' हे बघायची सवय लागते आणि डीएनए मोजताना नेमकी तीच आड येते. इथे सिग्नल सगळ्याच पेशींना येणार आहे. दुप्पट डीएनए असलेली पेशी बरोबर दुप्पट चमकते का, आणि सारखा डीएनए असलेल्या हजारो पेशी आलेखात एकाच जागी गोळा होतात का, हे बघायचं असतं. दुसऱ्या गोष्टीचं माप म्हणजे सीव्ही: जी१ शिखराचं प्रमाण विचलन भागिले सरासरी, टक्क्यांत. (पेशीचक्राचे टप्पे असे: जी१मध्ये डीएनए अजून दुप्पट झालेला नसतो, एसमध्ये तो बनत असतो, जी२ आणि एममध्ये, म्हणजे विभाजनाआधी आणि विभाजनात, तो दुप्पट असतो.) पुढे केलेली प्रत्येक सूचना शेवटी सीव्ही कमी करण्यासाठी किंवा शिखर आपल्या जागेवरून हलू न देण्यासाठी आहे.

ट्यूमरच्या बाबतीत हे जास्त महत्त्वाचं, कारण गाठीतल्या पेशींमध्ये बहुधा गुणसूत्रांची संख्या बिघडलेली असते आणि त्याच नमुन्यात साध्या, द्विगुणित (गुणसूत्रांचे दोन संच असलेल्या) पेशीही मिसळलेल्या असतात. समजा, गाठीच्या पेशींत साध्या पेशींपेक्षा १० टक्के डीएनए जास्त आहे. सीव्ही ३ टक्के असेल तर दोन शिखरं वेगळी दिसतील. सीव्ही ६ टक्के झाली की दोन्ही मिळून एकच जाड उंचवटा दिसतो आणि 'डिप्लॉइड' (द्विगुणित) असा चुकीचा शेरा लिहिला जातो.

१. आधी डाय ठरवा, तोही मशीन बघून

नवख्यांनी प्रोपिडियम आयोडाइडपासून, म्हणजे पीआयपासून, सुरुवात करावी. ४८८ नॅनोमीटरचा निळा लेझर जवळपास प्रत्येक सायटोमीटरवर असतो आणि पीआयला तो चालतो. डीएनएला चिकटलेल्या पीआयचं शोषण खरं तर ५३५ नॅनोमीटरच्या आसपास सर्वाधिक असतं, म्हणून ५३२ किंवा ५६१चा लेझर असेल तर तो घ्या. उत्सर्जन ६१७च्या आसपास. डीएनएच्या जोड्यांमध्ये शिरल्यावर पीआयची चमक वीस ते तीस पटींनी वाढते, त्यामुळे मोकळा डाय धुवून काढावा लागत नाही.

पीआयच्या दोन मर्यादा पाठ करून ठेवा. तो जिवंत पेशीच्या आवरणातून आत जात नाही, म्हणून पेशी फिक्स करणं किंवा डिटर्जंटने आवरण उघडणं भाग आहे. आणि तो दुपदरी आरएनएलाही चिकटतो.

यूव्ही किंवा ४०५चा व्हायोलेट लेझर असेल तर डीएपीआय उत्तम. दर मिलिलिटरला १ मायक्रोग्रॅम पुरतो, आरएनएचा त्रास जवळपास नाही, आणि सीव्ही सहसा पीआयपेक्षा चांगली येते. मात्र तो एटी-बहुल भागांना धरतो, त्यामुळे डीएपीआयवर काढलेला डीएनए इंडेक्स (ट्यूमरच्या आणि साध्या पेशींच्या जी१ शिखरांचं गुणोत्तर) आणि पीआयवरचा इंडेक्स तंतोतंत जुळेलच असं नाही. एका अभ्यासात दोन डाय मिसळू नका.

होएख्स्ट ३३३४२ जिवंत पेशींत जातो, म्हणून सॉर्टिंग (मशीनवर जिवंत पेशी वेगळ्या काढणं) करणाऱ्यांना तो मोहात पाडतो. पण ट्यूमर पेशींत एबीसीजी२सारखे पंप सक्रिय असतात आणि ते हा डाय बाहेर फेकतात. मग डीएनए कमी नसतानाही शिखर डावीकडे सरकतं. पहिल्या महिन्यात त्याच्या वाटेला न गेलेलं बरं. ७-एएडी डीएनए मोजायला घेऊ नका. मृत पेशी ओळखायला तो चांगला, पण शिखरं रुंद येतात.

२. काय काय जमवायचं

रसायनं:

- पीआय, पाण्यात १ मिलिग्रॅम/मिलि स्टॉक. ४ अंशांवर, फॉइलमध्ये गुंडाळून
- आरएनेझ ए, १० मिलिग्रॅम/मिलि, डीएनेझ-मुक्त
- ट्रायटन एक्स-१००, पाण्यात १० टक्के स्टॉक
- पीबीएस, कॅल्शियम-मॅग्नेशियम नसलेला
- अ‍ॅब्सोल्यूट इथेनॉल (सर्जिकल स्पिरिट किंवा डीनेचर्ड अल्कोहोल चालणार नाही)
- बीएसए, ईडीटीए

वस्तू: ४० मायक्रॉनची नायलॉन जाळी, ३५ मायक्रॉनच्या जाळीचं टोपण असलेल्या ५ मिलिच्या ट्यूब, नायट्राइलचे हातमोजे, आणि सेंट्रिफ्यूज. त्याचा वेग आरपीएममध्ये न लिहिता 'जी'मध्ये लिहा. रोटर बदलला की त्याच आरपीएमला पेशींवरचा जोर बदलतो.

आरएनेझच्या बाटलीवर 'डीएनेझ-मुक्त' असं लिहिलेलं नसेल तर स्टॉक १० मिलिमोलर सोडियम अ‍ॅसिटेटमध्ये (पीएच ५.२) बनवा, १०० अंशांवर १५ मिनिटं उकळा, सावकाश थंड होऊ द्या आणि एक-दशांश आकारमान १ मोलर ट्रिस (पीएच ७.४) घालून छोट्या ट्यूबमध्ये वाटून उणे २० अंशांवर ठेवा. आरएनेझ या उकळण्यातून तगून राहतं, डीएनेझ मरतं. हे टाळलं तर तुमचा डीएनएच कुरतडला जाईल आणि सब-जी१ भागात (जी१ शिखराच्या डावीकडे) खोट्या 'मृत' पेशी दिसू लागतील.

कागदपत्रं: रुग्णाची गाठ वापरणार असाल तर संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी आणि रुग्णाचं लेखी संमतीपत्र आधी हातात हवं. जैवसुरक्षा समितीची परवानगी, फॅसिलिटीचा बुकिंग फॉर्म आणि नमुन्याची माहिती देणारा फॉर्मही लागतो. त्यात पेशी फिक्स केलेल्या आहेत की नाहीत आणि कुठला डाय आहे हे खरं खरं लिहा. बऱ्याच फॅसिलिटी फिक्स न केलेला मानवी नमुना मशीनवर चढवूच देत नाहीत. सेल लाइन घेणार असाल तर ती ओळख पटलेल्या भांडारातून घ्या. महाराष्ट्रातल्या प्रयोगशाळांना पुण्याच्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्राचं भांडार जवळचं. मैत्रिणीच्या फ्लास्कमधून उचललेली लाइन स्टेनिंग बसवायला चालेल, प्रबंधात चालणार नाही.

३. एकेकटी पेशी मिळवा

डीएनए सायटोमेट्रीत जे बिघडतं त्यातलं बरंचसं इथेच बिघडतं, पण ते कळतं मशीनवर बसल्यावर.

चिकटून वाढणाऱ्या सेल लाइनसाठी: फ्लास्क ६० ते ७० टक्के भरलेला असताना पेशी काढा. गच्च भरलेल्या फ्लास्कमध्ये एस टप्प्यातल्या पेशी कमी होतात. मीडियम ओतून देऊ नका. त्यात तरंगणाऱ्या पेशी बहुधा मरू घातलेल्या किंवा विभाजनासाठी गोल झालेल्या असतात. सब-जी१ किंवा जी२/एम मोजायचं असेल आणि त्या टाकून दिल्या, तर उत्तरच फेकून दिलं. ट्रिप्सिन-ईडीटीएने पेशी सोडवा, सीरम असलेल्या मीडियमने ट्रिप्सिन थांबवा, ३०० जीवर ५ मिनिटं फिरवा आणि १ टक्का बीएसए व २ मिलिमोलर ईडीटीए घातलेल्या पीबीएसमध्ये पेलेट सोडवा. मग सूक्ष्मदर्शकाखाली बघा. शंभरात पाचाहून जास्त पेशी जोडीने दिसत असतील तर २०० मायक्रोलिटरच्या टिपने हळूहळू वीस वेळा वर-खाली करा, जाळीतून गाळा आणि पुन्हा बघा.

घट्ट गाठीचं काम वेगळं. अख्ख्या पेशी वाचवण्याच्या नादी न लागता सरळ केंद्रकं काढा. वाटाण्याएवढा ताजा तुकडा बर्फावरच्या पेट्री डिशमध्ये दोन स्काल्पेलनी बारीक चिरा, ०.१ टक्का ट्रायटन आणि ०.१ टक्का सोडियम सायट्रेटच्या द्रावणात दहा मिनिटं ठेवा, अधूनमधून हलवा आणि ४० मायक्रॉनच्या जाळीतून गाळा. सायट्रेटचं सौम्य द्रावण पेशी फुगवून फोडतं, केंद्रक शाबूत राहतं. क्रिशन यांनी १९७५ साली पीआय आणि ०.१ टक्का सायट्रेट एकत्र वापरून हीच वाट घालून दिली; १९८३च्या विंडेलोव पद्धतीत त्याला ट्रिप्सिन आणि स्पर्मिन यांची जोड मिळाली. अशा केंद्रकांना इथेनॉल लागत नाही. ती लगेच स्टेन करून त्याच दिवशी मोजायची. तुकड्याचा काळपट, बुळबुळीत, मृत भाग चिरण्याआधीच कापून टाका, कारण त्यातून नुसता कचरा निघतो.

४. इथेनॉलमध्ये फिक्स करणं

डीएनए मोजण्यासाठी इथेनॉल हाच पहिला पर्याय. फॉर्माल्डिहाइड प्रथिनांना डीएनएभोवती जखडून टाकतं, डायला शिरायला जागा कमी उरते, शिखर डावीकडे सरकतं आणि रुंदही होतं. जीएफपी किंवा पृष्ठभागावरची अँटिबॉडी टिकवायची असेल तरच त्याच्याकडे वळा.

१. ७० टक्के इथेनॉल शुद्ध पाण्यात बनवा. पीबीएसमध्ये बनवलं तर फॉस्फेटचे क्षार खाली बसतात. आदल्या दिवशीच फ्रीझरमध्ये ठेवा.

२. दहा ते वीस लाख पेशी ०.५ मिलि थंड पीबीएसमध्ये नीट सोडवा. या क्षणी जो गठ्ठा असेल तो कायमचा गठ्ठा.

३. ४.५ मिलि थंड इथेनॉलची ट्यूब मंद व्हॉर्टेक्सवर धरा आणि पेशी थेंब-थेंब त्यात सोडा. पेशी इथेनॉलमध्ये सोडायच्या. पेलेटवर इथेनॉल ओतलं तर बाहेरचा थर ताबडतोब घट्ट होतो आणि आतल्या पेशी अडकतात.

४. निदान २ तास, सोयीचं असेल तर रात्रभर, उणे २० अंशांवर. काही आठवडे ठेवता येतात. मात्र ज्या नमुन्यांची एकमेकांशी तुलना करायची ते सगळे सारखाच काळ इथेनॉलमध्ये राहू द्या.

इथेनॉलमधल्या पेशी हलक्या होतात आणि भिंतीला चिकटतात. ३०० जीवर अर्ध्या पेशी वरच्या द्रावणासोबत निघून जातात, म्हणून इथून पुढे ५०० ते ६०० जी, १० मिनिटं. द्रावण ओतू नका, पिपेटने काढा आणि तळाशी १०० मायक्रोलिटर राहू द्या. मग ५ मिलि पीबीएस-बीएसए घालून पाच मिनिटं पाणी पिऊ द्या, पुन्हा फिरवा. हे दोनदा. इथेनॉल शिल्लक राहिलं तर स्टेनिंग एकसारखं होत नाही.

५. पायाभूत मिश्रण

१० मिलि मिश्रणासाठी:

- पीआय स्टॉक ०.५ मिलि (शेवटी ५० मायक्रोग्रॅम/मिलि)
- आरएनेझ स्टॉक ०.१ मिलि (१०० मायक्रोग्रॅम/मिलि)
- १० टक्के ट्रायटन ०.१ मिलि (०.१ टक्का)
- पीबीएस ९.३ मिलि

त्याच दिवशी बनवा, अंधारात ठेवा. दहा लाख पेशींच्या पेलेटवर १ मिलि घाला, पिपेटने सोडवा आणि ३७ अंशांवर अंधारात ३० मिनिटं ठेवा. मग बर्फावर. गाळून त्याच दिवशी मोजा. मोजण्याआधी धुवू नका. डीएनएला चिकटलेला आणि मोकळा डाय यांचा समतोल असतो, मोकळा काढून घेतला की चिकटलेलाही सुटू लागतो.

'रूम टेंपरेचरला ३० मिनिटं' असं छापील पद्धतीत दिसलं तर ते २० ते २५ अंश समजा. मे महिन्यात पंख्याखालच्या बाकावर ३४ अंश असतात. दोन बॅचेसमध्ये हा फरक पडू नये म्हणून सरळ वॉटर बाथ वापरा.

६. टायट्रेशन: खरं काम इथे आहे

वरचे आकडे बऱ्याच प्रयोगशाळांत चालतात. तुमच्या पेशींत, तुमच्या मशीनवर चालतात का, हे दाखवायला तीन छोटे प्रयोग पुरे. एका वेळी एकच गोष्ट बदला.

आधी थोडं गणित. माणसाच्या द्विगुणित पेशीत सुमारे ६.६ पिकोग्रॅम डीएनए असतो. दहा लाख पेशी म्हणजे ६.६ मायक्रोग्रॅम, म्हणजे साधारण १० नॅनोमोल बेस-जोड्या. पीआय चार-पाच जोड्यांमागे एक या हिशेबाने बसतो, तेव्हा जागा झाल्या २ ते २.५ नॅनोमोल. १ मिलिमध्ये ५० मायक्रोग्रॅम पीआय म्हणजे सुमारे ७५ नॅनोमोल. भरपूर शिल्लक. पण कुणी 'पेशी जास्त असलेल्या बऱ्या' म्हणून चाळीस लाख पेशी घेतल्या, त्याही चौगुणित, आणि पीआय वाचवण्यासाठी १० मायक्रोग्रॅमवर आणला, तर जागा १६ ते २० नॅनोमोल आणि डाय १५. आता डाय अपुरा पडला. सगळ्या पेशी त्याच डायसाठी भांडतात, शिखर डावीकडे सरकतं, आणि किती सरकेल ते त्या ट्यूबमध्ये किती पेशी पडल्या यावर ठरतं.

अ. डायची मात्रा. एकाच फ्लास्कच्या, एकत्र फिक्स केलेल्या पेशी घ्या. एचसीटी११६ ही सेल लाइन सोयीची, कारण तिची गुणसूत्रं जवळपास द्विगुणित आहेत. सात ट्यूबमध्ये दहा-दहा लाख पेशी. आरएनेझ व ट्रायटन सगळीकडे सारखं. पीआय ५, १०, २०, ४०, ५०, ८० आणि १०० मायक्रोग्रॅम/मिलि. एकूण आकारमान १ मिलि ठेवलं की १ मिलिग्रॅम/मिलि स्टॉकचे तितकेच मायक्रोलिटर घालायचे. मशीनच्या डिटेक्टरचं व्होल्टेज सगळ्या ट्यूबना एकच. जी१ शिखराची जागा आणि सीव्ही लिहून आलेख काढा. शिखर आधी उजवीकडे चढेल आणि मग एका मात्रेनंतर जागेवर थांबेल. या सपाटीवर पुरेसं आत जाऊन मात्रा निवडा, काठावरची नको. सपाटीवर सीव्ही सगळ्यात कमी कुठे, ते बघा. फार जास्त डायने मोकळ्या डायची पार्श्वभूमी वाढते आणि कचराही उजळतो.

आ. पेशींची संख्या. निवडलेल्या मात्रेवर अडीच लाख, पाच लाख, दहा, वीस आणि चाळीस लाख पेशी. जिथे शिखर डावीकडे घसरायला लागतं त्याच्या अर्ध्या संख्येवर थांबा. गाठीच्या नमुन्यांसाठी ही मर्यादा आणखी खाली धरा, कारण त्यांच्या पेशींत डीएनए किती ते आपल्याला आधी ठाऊक नसतं. आणि पेशी मोजा, दर वेळी, धुतल्यावर. फिक्स करताना मोजलेला आकडा धुण्यानंतर खरा राहत नाही.

इ. आरएनेझ आणि वेळ. आरएनेझ नसलेली एक ट्यूब, आणि आरएनेझसह १५, ३०, ६० मिनिटांच्या तीन. भराभर वाढणाऱ्या ट्यूमर पेशीत आरएनए वजनाने डीएनएपेक्षा जास्त असतो आणि त्याचे दुमडलेले भाग पीआय ओढून घेतात. आरएनेझ नसलेल्या ट्यूबमध्ये जी१ शिखर उजवीकडे सरकलेलं आणि रुंद दिसेल. ३० आणि ६० मिनिटांत फरक नसेल तर ३० पुरे. ६०ला शिखर अजून अरुंद होत असेल तर आरएनेझचा स्टॉक थकला आहे किंवा मात्रा कमी आहे.

हे तीन प्रयोग दोन दिवसांत होतात. सेल लाइन बदलली, फिक्सेशन बदललं किंवा पीआयची नवी बाटली आली की निदान पहिला तरी पुन्हा करा.

७. संदर्भ पेशी

डीएनए इंडेक्स म्हणजे ट्यूमरच्या जी१ शिखराची जागा भागिले साध्या द्विगुणित पेशींच्या जी१ शिखराची जागा. साध्या पेशी नसतील तर इंडेक्सच नाही. निरोगी माणसाच्या रक्तातल्या लिम्फोसाइट घ्या, शक्य तर त्याच रुग्णाच्या. स्त्री आणि पुरुष यांच्या डीएनएत दीड-दोन टक्क्यांचा फरक असतो. त्या ट्यूमर पेशींसारख्याच, त्याच दिवशी फिक्स आणि स्टेन झालेल्या हव्यात.

तीन ट्यूब लावा: फक्त ट्यूमर, फक्त लिम्फोसाइट, आणि दोन्ही एकत्र. मिश्र ट्यूबमध्ये दोन्ही पेशी एकाच डायमध्ये, एकाच क्षणी मोजल्या जातात, म्हणून इंडेक्स तिथूनच काढा. लिम्फोसाइटचं क्रोमॅटिन घट्ट असतं, डाय किंचित कमी शिरतो, १.०२ आलं म्हणून हुरळून जाऊ नका. अ‍ॅन्युप्लॉइड (गुणसूत्रांची संख्या बिघडलेली) म्हणायला दोन स्पष्ट, वेगळी शिखरं हवीत.

कोंबडीच्या रक्तपेशींना केंद्रक असतं आणि त्यांचा डीएनए माणसाच्या द्विगुणित पेशीच्या सुमारे ३५ टक्के. ट्राउट माशाच्या रक्तपेशींचा सुमारे ८० टक्के. दोन्ही घातल्या की मशीनची रेषीयताही (दुप्पट डीएनएला दुप्पट आकडा येतो का) कळते. ट्राउट आपल्याकडे सहज मिळत नाही. कोंबडीचं रक्त ईडीटीए ट्यूबमध्ये घेणं सोपं, आणि रोजच्या तपासणीला तेवढं पुरतं.

८. मशीनवर

लेझर सुरू करून अर्धा तास जाऊ द्या. आधी मशीनचे मणी किंवा कोंबडीची केंद्रकं चालवून सीव्ही बघा. तीच खराब असेल तर तुमचा नमुना लावून उपयोग नाही, ऑपरेटरला बोलवा.

पीआयचा चॅनल रेषीय ठेवा. लॉग मोजपट्टीवर दुप्पट-चौपट डोळ्यांना कळत नाही. व्होल्टेज असं लावा की द्विगुणित जी१ शिखर जुन्या १०२४ चॅनलच्या मशीनवर २००वर, नव्या डिजिटल मशीनवर ५०,०००वर येईल. २,६२,१४४च्या पट्टीवर मग चौगुणित पेशींचं जी२ शिखर २,००,०००वर मावतं. थ्रेशहोल्ड (ज्याच्या खालचा सिग्नल मशीन घटना धरत नाही ती पातळी) पीआयवर लावा. नुसत्या केंद्रकांसाठी फॉरवर्ड स्कॅटरवर (आकार दाखवणाऱ्या विखुरलेल्या प्रकाशावर) लावलेला थ्रेशहोल्ड फसवतो.

प्रवाहाचा वेग 'लो'. हा सगळ्यात जास्त मोडला जाणारा नियम, कारण स्लॉट तासाचा असतो आणि ट्यूब वीस. 'हाय'वर नमुन्याचा धागा जाड होतो, पेशी लेझरच्या मध्यातून न जाता कडेकडेनेही जातात आणि सीव्ही दीडपट-दुप्पट होते. सेकंदाला २०० ते ३०० घटना पुरेत. घाई असेल तर ट्यूब कमी न्या.

पीआय नळ्यांना चिकटतो, म्हणून पहिल्या ट्यूबचं पहिलं मिनिटभर नोंदवू नका; शिखर स्थिरावू द्या. मग एकेकट्या पेशींच्या गेटमध्ये (आलेखावर त्यांच्याभोवती आखलेल्या चौकटीत) निदान १०,०००, एस टप्पा मोजायचा असेल तर २०,००० घटना घ्या. काम झालं की १० टक्के ब्लीच पाच मिनिटं, मग शुद्ध पाणी पाच मिनिटं. नाहीतर पुढच्या माणसाच्या रंग न दिलेल्या पेशीही लाल चॅनलमध्ये चमकतील. पीआय डीएनएत शिरतो, त्यामुळे त्याला उत्परिवर्तक समजूनच वागा: हातमोजे कायम, उरलेला डाय सिंकमध्ये न ओतता संस्थेच्या रासायनिक कचऱ्यात.

९. जोडपेशी वगळणं

दोन जी१ पेशी चिकटून लेझरसमोरून गेल्या तर त्यांच्या सिग्नलचं क्षेत्रफळ (एकूण चमक) एका जी२/एम पेशीइतकंच भरतं. फरक पडतो रुंदीत आणि उंचीत: जोडीला पार व्हायला जास्त वेळ लागतो. म्हणून पीआय-क्षेत्रफळ विरुद्ध पीआय-रुंदी, किंवा क्षेत्रफळ विरुद्ध उंची, असा आलेख काढून एकेकट्या पेशींभोवती गेट काढा.

गेट किती घट्ट? एक तपासणी सोपी आहे. द्विगुणित नमुन्यात जी१च्या तिप्पट जागी कुठलीही खरी पेशी नसते. तिथे टेकडी दिसत असेल तर ते तीन पेशींचे गठ्ठे, आणि तिथे गठ्ठे आहेत म्हणजे जी२ शिखरात जोड्या नक्कीच आहेत. उलट बाजूनेही सावध राहा. ट्यूमरच्या मोठ्या जी२ पेशींची केंद्रकं मुळातच रुंद असतात. गेट फार आवळलं तर त्या कापल्या जातात. नोकोडाझोलने (१०० नॅनोग्रॅम/मिलि, १६ ते १८ तास) जी२/एममध्ये अडवलेल्या पेशी एकदा चालवा. त्या गेटमध्ये पूर्ण मावल्या पाहिजेत.

१०. आकडे काढताना

आधी जी२ भागिले जी१ बघा. १.९ ते २.०५ च्या बाहेर असेल तर मशीनची रेषीयता, डायची मात्रा किंवा गेट यांपैकी काहीतरी चुकलंय. टक्केवारीकडे जाऊ नका. मग सीव्ही. ताज्या किंवा इथेनॉलमधल्या पेशींना ५च्या खाली सहज यायला हवी, सेल लाइनला ३च्या आसपास. ८च्या वर गेलेल्या नमुन्यातून एस टप्पा काढू नये.

मिश्र ट्यूबमध्ये लिम्फोसाइटचं शिखर ५०,०००वर आणि ट्यूमरचं ७८,०००वर असेल तर डीएनए इंडेक्स १.५६. बालकांच्या तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियात १.१६ किंवा त्याहून जास्त इंडेक्स हे चांगल्या परिणामाचं लक्षण धरतात. म्हणजे १.१२ आणि १.१८ यांतला फरक तिथे खरोखर महत्त्वाचा असतो, आणि तो ६ टक्के सीव्हीवर दिसत नाही.

इंडेक्स २च्या आसपास आला तर पेच पडतो: चौगुणित ट्यूमर, की साध्या पेशींचं जी२? तिथे १५ टक्क्यांहून जास्त पेशी असतील आणि त्याच्याही दुप्पट जागी छोटं शिखर असेल, तर चौगुणित असण्याची शक्यता मोठी. एकट्या टक्केवारीवर विसंबू नका.

एस टप्प्यासाठी हाताने रेघा मारून गेट काढू नका. जी१ आणि एस एकमेकांवर चढलेले असतात. वॉटसन किंवा डीन-जेट-फॉक्स मॉडेल चालवा. तरीही पीआय फक्त डीएनएचं प्रमाण सांगतो. ती पेशी खरंच डीएनए बनवते आहे का, हे ईडीयू किंवा बीआरडीयू (नव्या डीएनएत शिरणाऱ्या खुणा) सांगेल. जी२ आणि एम वेगळे करायला फॉस्फो-हिस्टोन एच३ (विभाजनातल्या पेशींची खूण) लागेल. सब-जी१ला 'अपोप्टोसिस' (पेशीचं नियोजित मरण) म्हणण्याआधी अ‍ॅनेक्सिन किंवा कॅस्पेझची साक्ष काढा, कारण फुटकी केंद्रकंही तिथेच जमतात.

११. पॅराफिन ब्लॉक असेल तर

हेडली यांच्या १९८३च्या पद्धतीवरून: ५० मायक्रॉनचे जाड काप, झायलीनने मेण काढणं, उतरत्या इथेनॉलमधून पाण्यात आणणं, मग ०.९ टक्के मिठाच्या पाण्यात ०.५ टक्के पेप्सिन, पीएच १.५, ३७ अंशांवर ३० मिनिटं. काप पातळ घेतले तर केंद्रकंच कापली जातात आणि आलेखाची डावी बाजू कचऱ्याने भरते. सब-जी१ इथे विसरा. बाहेरच्या लिम्फोसाइटही संदर्भ म्हणून चालत नाहीत, कारण ब्लॉकमधल्या फॉर्मालिनने डाय किती शिरेल ते प्रत्येक नमुन्यात बदलतं. सगळ्यात डावीकडचं शिखर द्विगुणित मानावं लागतं. याचा अर्थ, डीएनए कमी झालेला हायपोडिप्लॉइड ट्यूमर ब्लॉकमधून ओळखता येत नाही. अहवालात हे लिहा.

१२. बिघडलं तर कुठे बघायचं

*शिखर रुंद, पण मणी चांगले.* प्रवाहाचा वेग, मग आरएनेझ, मग इथेनॉल नीट धुतलं का, या क्रमाने.

*सारख्याच नमुन्यांची जी१ शिखरं वेगवेगळ्या जागी.* जवळपास नेहमी पेशींची संख्या. मोजा, सारख्या करा, पुन्हा स्टेन करा.

*जी१ शिखराला उजवीकडे खांदा.* खरा अ‍ॅन्युप्लॉइड गट असू शकतो किंवा अर्धवट गेलेला आरएनए. त्याच ट्यूबला आणखी ३० मिनिटं ३७ अंशांवर ठेवून परत चालवा. खांदा विरघळला तर आरएनए; जागेवर राहिला तर नमुना डीएपीआयने पुन्हा करा.

*डावीकडे कचऱ्याचा उतार.* मृत ऊतक, जोरात व्हॉर्टेक्स किंवा डीएनेझ. ताज्या सेल लाइनवर तोच आरएनेझ वापरून बघा; तिथेही उतार आला तर बाटली बदला.

*मशीन दर दोन मिनिटांनी अडकतं.* फुटलेल्या पेशींचा मोकळा डीएनए चिकट दोरे करतो. पुढच्या वेळी फिक्स करण्याआधी, पेशी जिवंत असतानाच, मॅग्नेशियम असलेल्या बफरमध्ये थोडं डीएनेझ घालून मग ईडीटीएने थांबवता येतं. आवरण शाबूत असलेल्या पेशींच्या आतल्या डीएनएला त्याने धक्का लागत नाही. फिक्स झालेल्या पेशींवर हा उपाय करायचा नाही. आजच्या ट्यूबपुरतं: ३५ मायक्रॉनच्या टोपणातून पुन्हा गाळा आणि ती रांगेत शेवटी लावा.